न जाणवणाऱ्या पायांची आग

सर्जापूर रोड जिथे सुरू होतो तिथे, कोरमंगलाच्या टोकाला, सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे. कॉलेज १९६३चं, रुग्णालय १९७५चं. तेव्हा हा रस्ता बंगळूर सोडून सर्जापूर नावाच्या गावाकडे निघालेला साधा रस्ता होता. आता अगऱ्याचं तळं, इब्लूरचा चौक, कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्लीतलं विप्रोचं मुख्यालय, कार्मेलराम, दोम्मसंद्र असं करत तो जातो आणि वाटेत कुठे ना कुठे क्रेन उभी दिसतेच. पंधरा-वीस मजली इमारती आणि त्यांच्या पायथ्याशी, त्या बांधणाऱ्यांच्या पत्र्याच्या शेड. वरच्या मजल्यांवर पुण्या-नाशकाकडून आलेली आयटीतली मराठी कुटुंबं सापडतात. शेडमध्ये रायचूर-कलबुर्गीपासून बंगाल-ओडिशापर्यंतचे लोक.

भारतात मज्जारज्जूला इजा होण्याचं एक मोठं कारण म्हणजे उंचावरून पडणं. शहरात परांचीवरून, बिनकठड्याच्या गच्चीवरून. गावाकडे आंब्याच्या नाहीतर नारळाच्या झाडावरून, विहिरीत. दुसरं मोठं कारण वाहनांचे अपघात. या एका रस्त्यावर दोन्हींची सोय भरपूर आहे, आणि त्याच्या तोंडाशी हाडं, मेंदू, पुनर्वसन असे सगळे विभाग असलेलं रुग्णालय. होसूर रोडवर थोडं पुढे गेलं की निम्हान्स, मेंदू-मज्जासंस्थेचं मोठं रुग्णालय. म्हणजे पडणाऱ्याला उचलून नेण्यापुरतं अंतर तरी फार नाही.

पडलेल्या माणसाच्या घरचे डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारतात तो ठरलेला: चालता येईल ना? कितीतरी महिने तोच एक प्रश्न घरात फिरत राहतो. पुढे दुखेल का, हे कुणी विचारत नाही. विचारावं असं सुचतही नाही, कारण साधी समजूत अशी की जिथे चिमटा काढलेला कळत नाही तिथे दुखणार तरी काय? ही समजूत चुकीची आहे, आणि किती चुकीची, ते ती बाळगणाऱ्या घराला साधारण वर्षभरात कळतं. कमरेखाली काही जाणवत नसलेला माणूस रात्री सांगू लागतो की पायांची आग होते आहे. तळव्यांना कुणी निखारे लावल्यासारखं. बोटांत शॉक बसल्यासारखं. घरचे पाय चेपतात, पण त्याला चेपलेलं कळत नाही आणि आग तशीच राहते.

ऑस्ट्रेलियात फिलिप सिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचा इजेपासून पुढे पाच वर्षं माग काढला. त्यांचे निष्कर्ष २००३ साली छापून आले. पाच वर्षांनी भेटलेल्या ७३ जणांपैकी ५९ जणांना, म्हणजे ८१ टक्क्यांना, कुठलं ना कुठलं दुखणं होतं. ५८ टक्क्यांनी ते ‘तीव्र’ किंवा ‘असह्य’ या पायरीवर ठेवलं. मात्र मला या अभ्यासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते. इजा मानेत झाली की पाठीत, मज्जारज्जू पूर्ण निकामी झाला की अर्धवट, याचा आणि एकूण दुखणं असण्या-नसण्याचा संबंध त्यांना आढळला नाही. एमआरआयमधली जखम पाहून या माणसाला पुढे दुखेल की नाही ते सांगता येत नाही. मग ते ठरतं कशावर? या प्रश्नाच्या उत्तराचा बराच मोठा भाग मणक्याच्या बाहेर आहे, आणि आपली सगळी यंत्रणा मणक्यापाशी थांबलेली आहे.

आधी दुखण्याचे प्रकार वेगळे करायला हवेत. २०१२ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी त्यांची जी वर्गवारी मान्य केली ती समजायला अवघड नाही. एक दुखणं स्नायू, सांधे, हाडं यांचं. तुम्हाआम्हाला होतं तसंच. दुसरं पोटातलं: आतडी, मूत्राशय, मूत्रपिंडं. तिसरं मज्जातंतूंचं, आणि त्यातही दोन जाती. एक इजेच्या पातळीवर, म्हणजे छाती-पोटाभोवती करकचून पट्टा आवळल्यासारखं. दुसरं त्या पातळीच्या खाली, जिथे स्पर्श हरवला आहे तिथे. सिडल यांच्या अभ्यासात स्नायू-सांध्यांचं दुखणं ५९ टक्क्यांना होतं, पातळीवरचं ४१ टक्क्यांना, पातळीखालचं ३४ टक्क्यांना. एकाच माणसाला दोन-तीन प्रकार असणं अगदी नेहमीचं.

पातळीखालचं दुखणं सर्वांत चमत्कारिक, म्हणून त्याच्याबद्दल थोडं थांबून सांगतो. पायाकडून मेंदूकडे जाणारी बातमी मज्जारज्जूत अडते. पण बातमी घेणाऱ्या पेशी, इजेच्या वरच्या भागातल्या आणि मेंदूतल्या, जिवंत असतात. गावात खरी बातमी येणं बंद झालं की अफवा उठतात, तसं काहीसं तिथे होतं. या पेशी अतिसंवेदनशील होतात, क्षुल्लक कारणाने किंवा कारणाशिवायही पेटतात. त्यांना दाबून ठेवणारी व्यवस्थाही दुबळी झालेली असते. रोनाल्ड मेल्झॅक आणि जॉन लोझर यांनी १९७८ साली अशा रुग्णांची नोंद केली, ज्यांच्या मज्जारज्जूचा तुकडाच शस्त्रक्रियेने काढून टाकला होता, तरी पायांचं दुखणं गेलं नव्हतं. हाच मेल्झॅक वेदनेबद्दलच्या १९६५ सालच्या प्रसिद्ध ‘गेट कंट्रोल’ सिद्धान्ताचा सहलेखक. वैतागून पायच कापून टाका म्हणणाऱ्या रुग्णाला द्यायचं उत्तर त्याच्या नोंदीत आहे. पाय कापून उपयोग नाही, कारण दुखणं पायात नाही.

आता ‘दुखणं पायात नाही’ हे वाक्य घरी गेलं की त्याचं ‘दुखणं मनात आहे’ होतं, आणि तिथून ‘तू उगाच मनावर घेतोस’ फार लांब नाही. या एका घसरणीने किती माणसांना गप्प केलं असेल! मज्जातंतूंचं दुखणं हा बिघडलेल्या चेतासंस्थेचा शारीरिक आजार आहे. त्याची चाहूल आधी लागू शकते. डेन्मार्कमधल्या नान्ना फिनेरुप आणि सहकाऱ्यांना २०१४ साली दिसलं की इजेनंतर पहिल्या महिन्यातच ज्यांना गार स्पर्श विचित्र, नकोसा वाटत होता, त्यांना पुढे पातळीखालचं दुखणं होण्याची शक्यता जास्त होती. वॉर्डातल्या खाटेशी गार धातूचा तुकडा लावून बघायला कितीसा वेळ लागतो?

गंमत अशी, आणि ही गंमत रुग्णाला अजिबात हसवणारी नाही, की या दुखण्यावर घरगुती उपाय धोक्याचा ठरतो. आपल्याकडे दुखलं की शेक. गरम पाण्याची पिशवी, तव्यावर तापवलेलं फडकं, वाळूची पुरचुंडी. ज्याला चटका कळत नाही त्याच्या पायाला शेक दिला की आतली आग तशीच आणि वरून कातडी भाजून फोड. तेच जोरकस मालिशचं. वापर नसलेली हाडं ठिसूळ झालेली असतात. मालिशवाल्याने पाय खसकन ओढला तर मोडूही शकतात, आणि मोडल्याचं त्या माणसाला कळणारही नाही.

पण आकडे पुन्हा पाहा. सर्वांत जास्त लोकांना असलेलं दुखणं हे गूढ नव्हे. ते खांद्याचं, मानेचं, पाठीचं, मनगटाचं आहे. माणसाचा खांदा सगळीकडे फिरावा म्हणून घडलेला सांधा आहे, शरीराचं ओझं वाहण्यासाठी नाही. पाय गेले की त्यांचं काम खांद्यावर येतं. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर, पुन्हा खुर्चीत, गाडीत, गाडीतून बाहेर. दर वेळी सगळं शरीर दोन हातांवर तोलायचं. त्यातून खुर्ची ढकलायची. आपल्याकडे दानात मिळणारी व्हीलचेअर बहुधा रुग्णालयाच्या व्हरांड्यात असते तशी: लोखंडी, घडीची, अठरा-वीस किलोची, मागून दुसऱ्याने ढकलण्यासाठी बनवलेली. सर्वांना एकच माप. त्यात बारीक माणूस बसला की चाकं लांब पडतात, खांदे फाकवून ढकलावं लागतं. दहा वर्षांत खांद्याचे स्नायुबंध झिजतात. व्हीलचेअर वाटपाच्या समारंभांचे फोटो पाहताना माझं लक्ष हल्ली हार घालणाऱ्यांकडे जात नाही. बसलेल्या माणसाचं कोपर चाकाच्या मानाने कुठे येतंय, तिकडे जातं.

इथे एक पेच आहे. एका जागी बसून राहिलं की बुडाला शय्याव्रण होतात, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलायला शिकवलं जात असे. त्यातून बूड वाचतं आणि खांदे जातात. आता शक्य तिथे पुढे वाकून किंवा एका बाजूला कलून भार हलवायला सांगतात. खुर्चीही छोट्या-छोट्या झटक्यांनी ढकलण्याऐवजी लांब, संथ रेट्याने ढकलायची आणि परतताना हात चाकाच्या कड्याखालून सैल येऊ द्यायचा. अमेरिकेत २०११ साली छापलेल्या एका प्रयोगात खांदेदुखीच्या ८० व्हीलचेअरधारकांपैकी निम्म्यांना बारा आठवडे घरच्या घरी रबरी पट्टे आणि छोटी वजनं घेऊन करायचा व्यायाम आणि हालचालींच्या सुधारलेल्या पद्धती शिकवल्या. त्यांचं दुखणं सुरुवातीच्या सुमारे एक-तृतीयांशावर आलं. ना शस्त्रक्रिया, ना महागडं औषध. हे पुनर्वसन विभागातल्या फिजिओथेरपिस्टला माहीत असतं. फक्त रुग्ण तिथपर्यंत पोचायला हवा, आणि पहिल्या डिस्चार्जनंतर पुन्हा यायला हवा. पत्र्याच्या शेडमधला मजूर त्याआधीच गावी परत गेलेला असतो.

पोटातलं दुखणं उशिरा येतं, बऱ्याचदा इजेनंतर तीन-चार वर्षांनी, आणि सिडल यांच्या अभ्यासात ते असलेल्यांनीच आपल्या वेदनेला सर्वांत जास्त तीव्र म्हटलं. बद्धकोष्ठता, मूत्रमार्गाचा संसर्ग, खडे. दर चार-सहा तासांनी नळी घालून लघवी काढायची, तीही स्वच्छ हातांनी. पण दिवसभरात स्वच्छ, व्हीलचेअर आत जाईल असं स्वच्छतागृह सापडायला हवं. ते नसलं की माणूस पाणी कमी पितो, आणि पाणी कमी की संसर्ग. संसर्ग झाला की पायांना झटके येतात आणि जी आग दबून होती ती वर येते. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा असेल, तर तुंबलेल्या मूत्राशयाने रक्तदाब अचानक चढतो, डोकं फुटेलसं दुखतं आणि जिवावर बेतू शकतं. तेव्हा डोक्यावर बाम चोळत बसण्याआधी नळी कुठे दुमडली आहे का ते बघायचं असतं. हे मज्जारज्जूच्या रुग्णाच्या घरात लहान मुलालाही माहीत असावं.

औषधांचं काय? प्रीगाबालिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन ही मज्जातंतूंच्या दुखण्यावरची नेहमीची औषधं. प्रीगाबालिनला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने खास या रुग्णांसाठी २०१२ साली मान्यता दिली. त्यांचा उपयोग होतो. पण अनेकांना निम्म्यानेही उतार पडत नाही, आणि झोप, चक्कर, पायांची सूज मागे लागते. अमिट्रिप्टिलिनने बद्धकोष्ठता आणि लघवी तुंबणं वाढतं, अफूवर्गातल्या औषधांनी आतडी आणखी मंदावतात. वर सांगितलेला पोटाचा फेरा मग औषधानेच सुरू होतो. म्हणून दुखणं कोणत्या जातीचं हे ओळखण्याला एवढं महत्त्व. खांद्याच्या दुखण्यावर प्रीगाबालिन देऊन भागत नाही, आणि पायांच्या आगीवर साधी वेदनाशामक गोळी देऊन तर नाहीच. ही ओळख बरीचशी रुग्णाच्या वर्णनावरून होते. डॉक्टर विचारतात: आग होते? मुंग्या? शॉक? गारठ्यासारखं दुखतं? खाज? आपल्याकडे ठणका, कळ, चमक, ठसठस, चुणचुण यांत घोटाळा होत नाही. पण सर्जापूर रोडवरच्या मजुराची भाषा उडिया किंवा बंगाली, नर्सची मल्याळम, डॉक्टरांची कन्नड-इंग्रजी. सगळ्यांच्या मोडक्या हिंदीत उरतं ते ‘दर्द है’ एवढंच. तेवढ्यावर औषध लिहिलं जातं.

झोप हा आणखी एक धागा. दुखण्याने झोप मोडते आणि मोडक्या झोपेने दुसऱ्या दिवशीचं दुखणं वाढतं. थंडी आणि थकवा यांनीही वाढतं. बंगळूरच्या हवेची सगळे तारीफ करतात, पण आयटी कंपनीतल्या एसीचा झोत दिवसभर पायांवर घेणाऱ्या पॅराप्लेजियाच्या, म्हणजे दोन्ही पाय लुळे पडलेल्या, माणसाला ती हवा किती मानवते हे त्यालाच विचारावं. दुखणं कधीच संपणार नाही हा विचार घोळत राहणं, राग, एकटेपणा, हाताला काम नसणं, यांचाही वेदनेच्या तीव्रतेशी संबंध पुन्हा पुन्हा दिसला आहे. याचा अर्थ दुखणं खोटं असा कुणी काढू नये. मेंदूतून खाली उतरणाऱ्या ज्या वाटा वेदना दाबतात, त्याच वाटा झोप, भीती, लक्ष यांनी कमी-जास्त होतात. लॉरिमर मोझली यांनी २००७ साली पाच पॅराप्लेजिक पुरुषांवर एक छोटा प्रयोग केला. पडद्यावर चालणाऱ्या पायांचं चित्रीकरण, वर आरशात रुग्णाचं स्वतःचं धड, म्हणजे आपणच चालतो आहोत असा भास. तेवढ्या वेळेपुरती आणि नंतरही थोडी वेदना कमी झाली. पाच माणसांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, पण शरीराचं चित्र डोळ्यांनी दुरुस्त केल्यावर कळ ओसरते, ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखीही नाही.

आणि इथे मला आपल्या, म्हणजे मराठी दिवाळी अंकांच्या, एका सवयीबद्दल तक्रार करायची आहे. अशा माणसांवर आपण लिहितो ते ‘जिद्द’ या सदरात. मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठचे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात राहिली. १९७२ साली हायडलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहून भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण त्यांनी आणलं. २०१८ साली पद्मश्री, २०२४ साली त्यांच्यावर हिंदी चित्रपट. पदकाबद्दल पानंच्या पानं लिहिली गेली. मणक्यात गोळी असलेला माणूस रात्री कसा झोपतो, हे विचारणारं पान मला सापडलं नाही. पोहणं त्यांच्या आयुष्यात आलं ते उपचार म्हणून. पाण्यात भार हलका होतो आणि तळहातांवर अंग तोलावं लागत नाही. ही बाजू पदकाहून कमी थोर नाही, पण तिच्यावर सिनेमा निघत नाही.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन पुष्कळांनी वाचलं आहे. सोळाव्या वर्षी पाय गेलेल्या नसीमादीदींनी १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हॅण्डिकॅप्ड’ उभी केली, पुढे ‘घरौंदा’ वसतिगृह. तिथे दारं रुंद असतात, उतार असतात, हाताला काम असतं, आणि आपल्यासारखीच चार माणसं भोवती असतात. दुखणं कमी करणाऱ्या गोष्टींची यादी करायला बसलं तर याच गोष्टी तिच्यात येतील, गोळ्यांच्या बरोबरीने. बंगळुरात एन. एस. हेमा यांनी १९५९ साली सुरू केलेली ‘असोसिएशन ऑफ पीपल विथ डिसॅबिलिटी’ मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी काम करते. पुण्याजवळ खडकीला सैनिकांसाठीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४पासून आहे. अशा ठिकाणी जुना रुग्ण नव्या रुग्णाला सांगतो की आग मलाही होते, आणि तरी मी झोपतो, तो असा. डॉक्टरने सांगितलेल्यापेक्षा हे जास्त आत पोचतं.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये एक विलक्षण योग जुळून आला होता. पॉल ब्रँड हे शल्यविशारद कुष्ठरुग्णांच्या हातांवर काम करत होते आणि त्यांना उमगलं होतं की बोटं झडतात ती प्रामुख्याने वेदना न कळल्यामुळे. वेदना ही देणगी आहे, असं ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. त्यांच्याच हाताखालच्या डॉ. मेरी वर्गीस १९५४च्या अपघातात पॅराप्लेजिक झाल्या, व्हीलचेअरमध्ये बसून शस्त्रक्रिया करू लागल्या आणि १९६६ साली तिथे पुनर्वसन संस्था उभी राहिली. ब्रँड यांचं म्हणणं कुष्ठरोगापुरतं निर्विवाद आहे. पण ज्या वेदनेला इशारा द्यायचाच नाही, जी फक्त वाजत राहते, तिला देणगी म्हणायला मी तयार नाही.

पुन्हा सर्जापूर रोडवर यायचं तर व्हीलचेअरच्या उंचीवरून यावं लागेल. फूटपाथ आहे तिथे तो गुडघाभर उंच, नाहीतर मध्येच संपलेला. उतार किती असावा याचा साधा नियम आहे, एक फूट चढायला बारा फूट लांबी. इमारतींच्या दारात मात्र गाडीसाठी केलेला, कितीतरी जास्त चढाचा उतार दाखवून व्हीलचेअरची सोय असल्याचं सांगितलं जातं. त्या चढावर खांद्याचं काय होतं ते वर आलंच आहे. रिक्षाने जावं तर प्रत्येक गतिरोधकावर आणि खड्ड्यावर पायांना झटका येतो. रुग्णालयात जायला निघालेला माणूस तिथे पोचेपर्यंत जास्त दुखणं घेऊन पोचतो. मग तो पुढची तारीख चुकवतो, आणि कागदावर शेरा पडतो: रुग्ण नियमित येत नाही.

सगळा रस्ता दुरुस्त होईल तेव्हा होईल. घरात आज करता येण्यासारखं मात्र थोडंफार आहे. खाट, खुर्ची आणि कमोड एका उंचीवर आणायचं. खाटेचे पाय कापून किंवा खाली ठोकळे घालून. न्हाणीघराचं दार बाहेर उघडेल असं करायचं, उंबरठा काढायचा. खुर्ची माणसाच्या मापाची घ्यायची आणि पैसे कमी असतील तर आधी चांगली उशी घ्यायची, मग बाकीचं. आणि सुताराकडून एक सरकफळी करून घ्यायची: दोन-अडीच फूट लांब, वीतभर रुंद, कडा गोल, वरून पॉलिश केलेली गुळगुळीत. खाट आणि खुर्ची यांच्यामध्ये ती टाकली की अंग उचलावं न लागता सरकत जाता येतं. रुग्णाचे खांदे वाचतात, आणि त्याला बखोटीला धरून उचलणाऱ्या आईची किंवा बायकोची कंबरही. तिच्या दुखण्याची नोंद तर कुठल्याच केसपेपरवर नसते.